बंकटनानांचं आठवं पाऊल

जैतूनमावशीचं नाव आधी लिहून टाकते. पुढं लिहिता लिहिता काय होईल सांगता येत नाही. गॅस बंद केला की नाही म्हणून सारखी उठून बघणारी बाई मी. मधेच उठले आणि परत बसणं झालंच नाही, तर निदान तिचं नाव तरी कागदावर असावं. जैतूनमावशी म्हणजे मांजरसुंब्याची मनियारीण, बांगड्या भरणारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, गालात सुपारी. दर आठवड्याला आमच्या गावात यायची आणि वेशीतूनच "बांगड्याऽऽ" अशी हाक द्यायची की झोपलेली म्हातारी उठून हात धुवायला जायची. ती नसती तर माझं लगीन लागलं नसतं. लागलं असतं तरी त्या दिवशी मी उपाशी राहिले असते. आणि आज हैदराबादेत या खोलीत बसून, खाली रिक्षावाल्यांचं तेलुगूतलं भांडण ऐकत, हे लिहायलाही मी नसते.

मी नववीत शाळा सोडली. मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बस बंद झाली, शेजारच्या गावापर्यंत चालत कोण जाणार, म्हणून आईनं दप्तराची पिशवी धुवून तिच्यात शेवया भरून ठेवल्या. तेव्हापासून मी गिरणीत. आमची पिठाची गिरणी होती, लिंबागणेशच्या अलीकडच्या फाट्यावर आमचं गाव लागतं तिथं, अगदी रस्त्याच्या तोंडाला. पट्टा फिरायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं, त्यामुळं आमच्या घरातला गणपती मी कधी स्थिर असा पाहिलाच नाही. आबांच्या मिशा, भुवया, कानातले केस कायम पांढरे. त्यांचं खरं वय गावाला त्यांनी अंघोळ केल्यावरच कळायचं, म्हणजे सणासुदीला. आई दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आणि गिरणी बंद झाल्यावरही तो आवाज खाली आणायचा विसरायची. त्यामुळं आमच्या घरातल्या गुप्त गोष्टी गावातल्या गुप्त गोष्टी असायच्या.

लग्नसराईत येसर दळायला यायचा. येसर म्हणजे आमच्याकडच्या लग्नाच्या आमटीचं पीठ. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची असं सगळं खमंग भाजून एकत्र दळायचं आणि मोठ्या पातेल्यात उकळायचं. येसर दळून गेला की पुढच्या दोन-चार गिऱ्हाइकांच्या भाकरीलाही लग्नाचा वास लागायचा. लोक कुरकुर करायचे, पण मनातून खूष असायचे. गावात कुणाचं जमलं हे पत्रिका येण्याआधी भाकरीवरून कळायचं. मी आजही इथं येसर करते. शेजारीण रोज विचारते की तुमच्याकडं कुणाचं लग्न आहे.

माझं लगीन मात्र येसरात नव्हतं, ते पतसंस्थेत होतं. गावात बँक नव्हती, पतसंस्था होती, आणि तिचे एजंट बंकटनाना रोज संध्याकाळी गिरणीवर यायचे. गोल तोंडाचे, गोड बोलणारे. आबांच्या हातातली दिवसाची कमाई घेताना ते नोटेवरचं पीठ असं हळूच फुंकायचे की जणू बाळाच्या कपाळावर फुंकर. "आबा, पोरगी मोठी व्हायलीय तसं तिचं लगीन बी वाढायलंय आमच्याकडं," म्हणायचे. आईला ते फार आवडायचं. शेजारच्या बायका विचारायच्या, पोरीचं काय केलं, तर आई सांगायची, "नानाकडं वाढायलंय."

मग एक दिवस संस्थेचं शटर उघडलं नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, कुठली तरी जयंती असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चेअरमन देवदर्शनाला गेलेत. तिसऱ्या दिवशीही देवदर्शनच चालू होतं, तेव्हा आबा म्हणाले, "एवढे देव हायेत व्हय आपल्यात?" त्यानंतर जे झालं ते एकदम नाही झालं. इथल्या शिकल्या-सवरल्या बायका, ज्यांच्या घरी मी बांगड्या पोचवते, त्या विचारतात की तुमच्याकडं असं अचानक कसं काय झालं. मी सांगते, अचानक काही नाही झालं, चहा पीत पीत झालं. आधी कापडदुकान बसलं, कारण त्याचं भांडवल संस्थेत. मग टेम्पोवाल्यांनी टेम्पो उभे केले. दोन घरांची लग्नं मोडली, एका घरानं पोराचं शिक्षण मधेच सोडवून त्याला परत आणलं. आमच्या गिरणीवर आधी निम्मं दळण, मग रेशनचे गहू, मग नुसते येऊन बसणारे लोक. पट्टा थांबला की भिंतीवरचा गणपती पहिल्यांदा नीट दिसला. मला त्याचीच भीती वाटली.

संतापलेलं गाव चेअरमनला मारायला निघालं होतं, पण चेअरमनचं घर म्हणजे अर्ध्या गावाचं सोयरं. सभेत त्यांचं नाव निघालं की कुणाचा तरी मेव्हणा उठायचा. मग उरले बंकटनाना. लोक त्यांच्या दारात गेले, आणि नाना बाहेर येऊन असे रडले, असे रडले की मारायला आलेल्यांनी त्यांना पाणी पाजलं. "माझे बी बुडाले रे," म्हणून त्यांनी छाती बडवली. आई म्हणाली, "रडायला बी एजंटच लागतो गावाला." पण तीही पदर डोळ्याला लावून आली होती. संध्याकाळपर्यंत ठेवीदारांची संघर्ष समिती निघाली आणि तिचे अध्यक्ष झाले नाना. ज्यांनी गोळा केले त्यांनाच परत मागायला नेमलं. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा वाटलं, बरोबर आहे, रस्ता त्यांनाच माहीत असणार.

मोर्चासाठी माणसं रांगेत चालावीत म्हणून नानांनी एक शिट्टी आणली. तीच पुढं त्यांच्या गळ्यात राहिली, अंघोळीलाही काढत नसत म्हणे. बुडालेल्या कापडदुकानात चॉकलेटी रंगाचा एक मोठा तागा वर्षानुवर्षं पडून होता. त्या रंगाचं कापड जिवंत माणूस अंगावर घेत नव्हता. नानांनी त्याचे शर्ट शिवून रिकाम्या पोरांना वाटले. नवा शर्ट, शिट्टी ऐकून उठायचं-बसायचं, वर दोन वेळचा चहा. कामधंदा गेलेल्या पोराला सकाळी उठून कुठं तरी जायला मिळालं. बायका त्यांना चॉकलेटी पोरं म्हणायच्या, आधी हसत, मग हळू आवाजात. आमच्या आईला हळू आवाज जमत नव्हता, ही आमच्या घराची पहिल्यापासूनची अडचण.

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी जैतूनमावशी आमच्या ओट्यावर आईला बांगड्या भरत बसली होती. नाना तिथून चालले होते, थांबले. त्यांना चौकशीची सवय लागली होती.

"जैतूनबी, तुमचे किती बुडाले?"

"माझे कशाचे बुडतेत नाना. मी ठेवलेच न्हाई."

"कावून?"

"व्याजाचा पैसा आमच्यात चालत न्हाई. तुमी लई मागं लागलते की, आठवतंय का? दोनदा चहा पिऊन गेलते."

आई खदाखदा हसली. नाना हसले नाहीत. ते जरा वेळ मावशीच्या टोपलीकडं बघत राहिले, एखाद्याला घरात हरवलेली किल्ली दुसऱ्याच्या खिळ्याला दिसावी तसे. संध्याकाळच्या सभेत ते म्हणाले, "एक साधी गोष्ट विचारतो. आपलीच दुकानं कावून बंद पडली? मांजरसुंब्यावर त्यांची गॅरेजं चालू, फळाच्या गाड्या चालू, बांगड्या चालू. संस्थेत त्यांचा एक रुपया न्हाई. म्हंजे त्यांना आधीच ठाऊक होतं." कुणीतरी मागून "बरोबर हाय" म्हणालं. सभा आमच्याच गिरणीच्या ओट्यावर भरायची, कारण गिरणी रिकामी आणि ओटा फुकट. मी आत उंबऱ्यामागं उभी होते. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांच्या तोंडावर जरा तरतरी दिसली. इतके दिवस संताप नुसता घरोघर फिरत होता, त्याला आता मांजरसुंब्याचा पत्ता मिळाला, आणि पत्ता चालत जाण्याइतका जवळ होता. चेअरमन लांब होते.

पुढच्या गोष्टी पटापट झाल्या. त्यांच्याकडून घ्यायचं नाही, त्यांना द्यायचं नाही, त्यांच्याकडं कामाला जायचं नाही. एक शिट्टी, सगळ्यांचे हात वर. आबांचा हात अर्धा वर गेला आणि तिथंच पीठ झटकत राहिला. मोजणाऱ्यानं तो धरला. दुसऱ्या बैठकीत ठरलं की यंदाची ग्रामपंचायत बिनविरोध करायची. आमच्याकडं बिनविरोध म्हणजे मानाची गोष्ट, भांडण नको म्हणून एकमतानं करतात. नाना म्हणाले, "गाव आधीच बुडालंय, त्यात इलेक्शनचे नखरे परवडतेत का?" प्रत्येक जागेला एकच माणूस, तो समितीचा. एकट्या आईनं विचारलं, "मग बोटाला शाई कवा लावायची?" सगळे हसले. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, आणि वर्षभरात कुणी तिला नाव घेऊन आत बोलवायचा तो तेवढाच दिवस.

आमच्या घराला मात्र बरे दिवस आले, हेही लिहिते. समितीचं धान्य वाटप सुरू झालं, कुठून कुठून ट्रक यायचे, आणि दळण आमच्याकडं. पट्टा परत फिरायला लागला, गणपती परत थरथरायला लागला. आबा पोटभर जेवायचे आणि जेवून झाल्यावर ताटाकडं बघत बसायचे.

त्यातच माझं ठरलेलं होतं. मुलगा सुदाम, मामाकडं वाढलेला, मांजरसुंब्याला जैतूनमावशीच्या थोरल्या लेकाच्या, सलीमभाईच्या गॅरेजात कामाला. स्थळ मावशीनंच आणलं होतं. "हात काळे हायेत, मन न्हाई," एवढंच ती त्याच्याबद्दल बोलली होती. त्याला मी एकदाच पाहिलं होतं, पोहे खाताना. नखातली काळी वंगणाची रेघ लपवायला तो चमचा मुठीत धरत होता. मला तो तिथंच आवडला. पण लगीन करायचं कशावर? माझं लगीन तर शटरच्या आत. आणि मी त्या काळात रात्रंदिवस एकाच काळजीत: पोरगी तशीच राहिली, ह्या एका वाक्याच्या. त्या वर्षी गावात तशाच राहिलेल्या पोरी एवढ्या होत्या की आम्ही विहिरीवर एकमेकींकडं बघायचं टाळायचो.

तेव्हा नानांनी सामुदायिक विवाह काढला. समितीकडून मांडव, जेवण, मणी-मंगळसूत्र, भांडी, शेगडी, सगळं. अट एकच, पण ती छापलेली नव्हती. आबा सांगायला आले तेव्हा आईकडं न बघता बोलत होते. "सात पावलं झाली की नाना एक आठवं पाऊल घ्यायला लावणारेत. समितीच्या शपथेचं. त्यांच्याशी घेणं न्हाई, देणं न्हाई, त्यांच्याकडं राबणं न्हाई. मत समिती सांगंल तिकडं."

"मत तर ठेवलंच न्हाई," आई म्हणाली. "आणि पोरानं राबायचं कुठं? सलीमचं गॅरेज सोडून?"

"आधी लगीन तर लागू दे."

म्हणजे कोडं सरळ होतं. शपथ घेतली तर नवऱ्याचं काम जाणार, नाही घेतली तर नवरा. मी दोन्हींची काळजी एकाच वेळी करू लागले, त्यात मला सराव होता.

पण एवढी सगळी तयारी करणाऱ्या पुरुषांच्या डोक्यातून एक गोष्ट सुटली होती. आमच्याकडं हिरवा चुडा भरल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, आणि चुडा मनियारणीच्याच हातचा लागतो. आमच्या पंचक्रोशीत बांगड्या भरणारं घर एकच, जैतूनमावशीचं, आणि तिला तर वेशीच्या आत यायला बंदी. नानांना कुणीतरी शेवटच्या आठवड्यात आठवण करून दिली. ते म्हणाले, "बांगड्याच ना? मागवू." नगरहून खोकी आली. लग्नाच्या सकाळी मांडवामागच्या कनातीत आम्ही सगळ्या नवऱ्या पिवळ्या लुगड्यांत ओळीनं बसलो, आणि समितीच्या चार बायका खोकी फोडून आमच्या मनगटांवर तुटून पडल्या.

दुसऱ्याचा हात दाबून, अंगठा आत घेऊन, बोलण्यात गुंतवून त्यावरून काच सरकवणं ज्यानं कधी केलं नाही त्यानं करू नये. पहिली काच वाढली ती माझ्या शेजारणीच्या हातात. काच फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो, नाहीतर अशुभ. पण किती वेळा म्हणणार? इकडं वाढली, तिकडं वाढली, दोन पोरींच्या हाताला रक्त, जमिनीवर हिरवा सडा. कनातीबाहेर वाजंत्री जोरात, आत काचांचा खळ्ळ खळ्ळ आवाज. कुणाची तरी आत्या मटकन खाली बसली. लग्नाच्या दिवशी नवरीच्या हातातली काच जाणं म्हणजे काय हे तिथल्या एकाही बाईला सांगायची गरज नव्हती. एक-दोघींनी रडायला सुरुवात केली आणि मग सगळ्याच आया मांडवाच्या तोंडाशी जाऊन बसल्या, पुढं आमची आई.

नाना आले, शिट्टी वाजवली. कुणी उठलं नाही. शिट्टी वाजून कुणी न उठण्याची ती पहिलीच वेळ.

"मुहूर्त चाललाय बायांनो. बांगड्या मागून भरा."

"नाना, मंगळसूत्र बी मागूनच घालावं का मग?" आई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे लाऊडस्पीकर असताना नसताना सारखाच.

"आक्का, राजकारण करू नका."

"राजकारण तुमी बंद केलंय न्हवं? मी बांगड्या मागायलेय."

घोड्यावरून उतरवून ठेवलेले नवरदेव उन्हात मुंडावळ्यांनी वारा घेत होते. शेवटी नानांनी स्वतःची जीप दिली. चॉकलेटी शर्टातली दोन पोरं, ज्यांनी महिन्यापूर्वी मावशीची टोपली वेशीबाहेर नेऊन ठेवली होती, तीच तिला आणायला गेली. ती यायची नाही असं मला वाटत होतं, आणि न आली तर तिचं बरोबर होतं. नंतर तिनं सांगितलं की ती पोरं दारात उभी राहून नुसती नखं खात होती. तिनं विचारलं, "कोणाच्या लेकीसाठी आलात रे?" तर पोरं म्हणाली, "सगळ्यांच्याच." मग ती उठली.

जीपमधून ती उतरली तेव्हा मांडवाच्या तोंडाशी बसलेल्या आयांनी सरकून वाट दिली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. कनातीत आली, खाली बघितलं, "अगं बाई, एवढ्या वाढवल्या," म्हणाली, खराटा मागितला, आणि आधी सगळी काच स्वतः झाडून काढली. मग मांडी घालून बसली. तेलाची वाटी मागितली. मुहूर्त बाहेर तिष्ठत होता आणि ती प्रत्येक पोरीचा हात हातात घेऊन तिच्या आजीची, आत्याची, म्हशीची चौकशी करत होती. माझी पाळी आली तेव्हा माझे हात लाकडासारखे झाले होते.

"सैल सोड की गं. कावून आखडलीस?"

"मावशी, ते आठवं पाऊल..."

"आधी सात तर टाक," ती म्हणाली, आणि मी तिच्याकडं बघेपर्यंत चुडा मनगटावर होता. "सासू तर न्हाईच तुला. नशीबवान हायस." मी हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी सांगावं लागत नाही, हात भरले की डोकं आपोआप खाली जातं. कनातीत गरम होतं म्हणून कुणीतरी पडदा वर केला होता, आणि स्टेजवरून नाना, पाहुणे, व्हिडिओवाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गावातली एकेक नवरी उठून जैतूनमावशीच्या पायावर डोकं ठेवत गेली. चुडा फुकट घ्यायचा नसतो, म्हणून प्रत्येकीच्या आईनं तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घातला. देणंही झालं आणि घेणंही. व्हिडिओवाल्यानं सगळं घेतलं. त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

सप्तपदी शिट्टीवर झाली. एवढ्या जोड्या एका वेळी, भटजींचा आवाज पोचेना, म्हणून प्रत्येक पावलाला एक शिट्टी. सात झाल्या. मग नानांनी माईक घेतला आणि शपथ सांगितली. घेणार नाही, देणार नाही, राबणार नाही. समितीच्या शब्दाबाहेर जाणार नाही. ते बोलत असताना आम्ही सगळ्या आपापल्या कोपरापर्यंतच्या हिरव्या हाताकडं बघत होतो. आठवी शिट्टी वाजली. माझा पाय उचललाही गेला, इतकी सवय झाली होती, पण माझा पदर सुदामच्या उपरण्याला बांधलेला आणि सुदाम जागचा हलला नव्हता. गाठीनं मला मागं ओढलं. बाकीच्या जोड्या अर्धवट पुढं गेल्या. कुणी पाऊल टाकलं, कुणी टाकल्यासारखं केलं, आम्ही दोघं मागं राहिलो, शाळेत कवायतीला चुकल्यासारखे.

"पाऊल टाक बे," नाना माईकवरूनच म्हणाले.

"नाना, उद्या सकाळी मला सलीमभाईकडं एक ट्रक खोलायचाय," सुदाम म्हणाला. "आज शपथ घेऊन उद्या मोडायची, त्यापेक्षा ऱ्हाऊ द्या."

"समिती देईल काम."

"कोणतं? शिट्टी फुकायचं?"

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. मग अजून कुणी. ते हसू वाऱ्यासारखं मांडवभर गेलं आणि नानांच्या तोंडावर येऊन थांबलं. माणूस शिव्या खाऊन एवढा पांढरा पडत नाही. "ह्यांचं लगीन धरायचं न्हाई," ते म्हणाले.

आई उठली. "कावून? सात झाली की. गुरुजी, शास्त्रात आठवं हाय का?"

भटजी स्टेजकडं बघायला लागले, मग आईकडं, मग मोबाईलकडं. "शास्त्रात तशी सातच," ते म्हणाले, "पण प्रसंग बघून..." पुढचं त्यांनी गिळलं. तेवढ्या गिळण्यावर माझं लगीन टिकून आहे.

चॉकलेटी पोरांनी आमच्या नावाची भांडी आणि शेगडी उचलून परत टेम्पोत ठेवली. पंगतीत आम्ही बसलो तर वाढपी आमच्या पत्रावळीवरून पुढं जायचा, अगदी नम्रपणे, जणू आम्ही बसलोच नव्हतो. येसरच्या आमटीची वाफाळती बादली नाकासमोरून गेली. तो येसर आबांनीच दळला होता. सुदाम म्हणाला, "चल, उठू." बाहेर वेशीतल्या लिंबाखाली जैतूनमावशी बसली होती. आणायला जीप गेली होती, पोचवायला जीप नव्हती. तिनं आम्हाला येताना पाहिलं आणि फडकं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माझ्या लग्नाचं जेवण ते. मी एवढं पोटभर नंतर कधी जेवले नाही, आणि जेवताना सारखी मागं वळून बघत होते.

"इथं ऱ्हाऊ नका काही दिवस," ती म्हणाली. "माझी बहीण हाय हैदराबादला, बांगड्यांचा कारखाना हाय त्यांचा. लोकं हसलेले हायेत आज. हसल्याचा राग लई दिवस ऱ्हातो."

आबा मांडवातून आले. पंगतीतून मधेच उठून आले होते, बोटाला आमटी तशीच. त्यांनी हातातला डबा माझ्या ओटीत ठेवला. येसर होता. "तिकडं मिळतो न मिळतो," म्हणाले, आणि नाक ओढत परत गेले. मांजरसुंब्याहून दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो, ती काही दिवसांसाठी, ते दिवस अजून चालूच आहेत. केस पांढरे व्हायला लागलेत आता, माझे पिठाशिवाय.

गावाकडचं ऐकून आहे. निवडणूक बिनविरोध झाली, नाना सरपंच झाले. आईच्या बोटाला तेव्हापासून शाई नाही. आबांच्या गिरणीला समितीनं दळण द्यायचं बंद केलं, मग आबांनी मिरची कांडायचं यंत्र घेतलं. मिरचीला बहिष्कार घालायला गावाला जमलं नाही. ठेवी कुणाच्याच परत आल्या नाहीत. पण त्याच शटरच्या आत, त्याच खुर्चीवर नानांनी नवी पतसंस्था काढली, आणि तिच्यात ठेव ठेवणं सक्तीचं नाही, फक्त कुणी ठेवली नाही हे चॉकलेटी पोरांना माहीत असतं. आठव्या पावलाची आता शिट्टी वाजवावी लागत नाही म्हणे. नव्या पोरींना वाटतं, ती आधीपासूनची रीत आहे. चुडा प्लॅस्टिकचा येतो, वाढत नाही.

जैतूनमावशी त्या दिवसानंतर आमच्या गावात गेली नाही. कुणी अडवलं म्हणून नाही. वेशीपर्यंत दोनदा गेली आणि हाक द्यायला तोंड उघडेना, म्हणाली. आता सलीमभाईच्या घरी असते, हात थरथरतात. फोनवर मला विचारते, "तुमच्या वेशीतला लिंब हाय का गं अजून?" तिला ठाऊक आहे मी हैदराबादेत आहे, तरी मलाच विचारते.

मावशी, हे तुझ्यासाठी लिहून ठेवते, सलीमभाई वाचून दाखवेल. मी इथं बांगड्या भरायला शिकले आहे. फार वाढवत नाही आता. एक दिवस मी येणार, तुला मांजरसुंब्याहून घेणार, टोपली माझ्या डोक्यावर, तू नुसती माझा दंड धरून चालायचं. वेशीत आलो की हाक मी देईन. आवाज फाटेल माझा, आणि मी त्याआधी घरचा गॅस बंद आहे का म्हणून सुदामला फोनही करेन. पण हाक देईन, आईच्या आवाजात, म्हणजे नानांच्या स्टेजपर्यंत जाईल अशी. मग आमच्या गिरणीच्या ओट्यावर तुला बसवीन, आणि बघू कोण कोण हात धुवून येतं.